पुरळ एक, विषाणू अनेक

पाठ्यपुस्तकातील रोगांचा तक्ता आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. डाव्या रकान्यात रोगाचे नाव, उजव्या रकान्यात त्याचा जंतू. क्षय म्हटले की क्षयाचा जिवाणू, विषमज्वर म्हटले की विषमज्वराचा जिवाणू, गोवर म्हटले की गोवराचा विषाणू. 'जोड्या लावा' या प्रश्नासाठी हा तक्ता फार सोयीचा. या तक्त्यामागे एक मोठा विचार उभा आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जिवाणू दाखवून दिला आणि पुढे एखादा जंतू एखाद्या रोगाचे कारण आहे हे ठरवण्याच्या कसोट्याही मांडल्या. रोगाच्या प्रत्येक रुग्णात तो जंतू सापडला पाहिजे, तो शरीराबाहेर वेगळा वाढवता आला पाहिजे, आणि तो निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे. एक जंतू, एक रोग. या विचाराने वैद्यकाला अंधारातून बाहेर काढले यात शंका नाही.

पण काही आजार या तक्त्यात बसायला तयार नसतात. लहान मुलांचा हात-पाय-तोंडाचा आजार हा त्यांपैकी एक. त्याच्या नावासमोर उजव्या रकान्यात एक नाव लिहून भागत नाही. हे कसे लक्षात आले आणि ते लक्षात येणे किती महत्त्वाचे ठरले, याची ही हकिकत आहे.

आजाराची ओळख

बालवाडी-अंगणवाडीतील शिक्षकांना हा आजार नावाने नसला तरी रूपाने माहीत असतो. मुलाला एक-दोन दिवस ताप येतो, घसा दुखतो, ते जेवायला नको म्हणते. मग तोंडात, जिभेवर, गालाच्या आतल्या बाजूला लहान लहान व्रण दिसतात. पाठोपाठ तळहात आणि तळपाय यांवर, कधी गुडघ्यांवर व ढुंगणावर, लालसर पुरळ किंवा पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात. घरची माणसे बहुधा 'कांजिण्या आल्या' असे म्हणतात. पण कांजिण्यांचे फोड पोटावर, छातीवर, पाठीवर अधिक असतात. तळहात-तळपाय आणि तोंड ही या आजाराची खूण. बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत पूर्ण बरी होतात.

खेड्यातील विद्यार्थी येथे एक शंका हमखास काढतील. गुरांना लाळ्या-खुरकूत होते, त्यातही तोंडात आणि खुरांत फोड येतात. मग हा आजार गुरांकडून आला का? उत्तर 'नाही' असे आहे. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच मोठ्या कुळातील आहेत, पण ते वेगळे आहेत. लाळ्या-खुरकुताचा विषाणू १८९८ साली लफ्लर आणि फ्रॉश या कॉखच्याच परंपरेतील शास्त्रज्ञांनी दाखवला. प्राण्यांत रोग निर्माण करणारा तो पहिला ज्ञात विषाणू. मुलांच्या आजाराचे विषाणू सापडायला त्यानंतर अर्धे शतक जावे लागले, आणि ते सापडले तेव्हा कोणी त्यांना शोधतही नव्हते. शोध चालला होता पोलिओचा.

कॉक्सॅकी गावातील नमुने

१९४० च्या दशकात अमेरिकेत उन्हाळा म्हणजे पोलिओची भीती. पोलिओचा विषाणू असतो हे लँडस्टायनर आणि पॉपर यांनी व्हिएन्नात १९०८-०९ सालीच माकडांवरील प्रयोगांतून दाखवले होते. पण माकडे महाग, आणि उंदरांना मानवी पोलिओची बाधा सहसा होत नसे. त्यामुळे संशोधन अडून बसले होते.

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या अल्बनी येथील प्रयोगशाळेत गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स हे दोघे काम करत होते. प्रौढ उंदराला बाधा होत नसेल, तर नुकत्याच जन्मलेल्या पिलाला होईल का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. १९४७ च्या उन्हाळ्यात हडसन नदीकाठच्या कॉक्सॅकी या लहानशा गावात पोलिओसारखी लक्षणे असलेली मुले आढळली. त्यांच्या विष्ठेचे नमुने गाळून, म्हणजे जिवाणू वेगळे काढून, दूधपित्या उंदरांना टोचण्यात आले. पिले लुळी पडली. मोठ्या उंदरांना मात्र काहीही झाले नाही.

हा पोलिओच असावा असे कोणालाही वाटले असते. पण सूक्ष्मदर्शकाखाली वेगळेच दिसले. पोलिओ मज्जारज्जूतील चेतापेशींवर घाला घालतो. येथे पिलांचे स्नायूच नष्ट झाले होते. म्हणजे हा दुसराच विषाणू होता. १९४८ मध्ये दोघांनी हे काम प्रसिद्ध केले आणि पुढे विषाणूला गावाचे नाव मिळाले, कॉक्सॅकी.

या शोधातील एक धागा विद्यार्थ्यांच्या नजरेस जरूर आणून द्यावा. प्रयोगाचे यश नव्या उपकरणात नव्हते, प्राण्याचे वय बदलण्यात होते. तोच उंदीर, पण दोन दिवसांचा. माणसातही हे विषाणू पाच वर्षांखालील मुलांनाच अधिक गाठतात. मोठ्यांपैकी बहुतेकांची त्यांच्याशी लहानपणीच गाठ पडलेली असते.

रोग नसलेले विषाणू

युक्ती सापडल्यावर विषाणूंचा पूरच आला. पिलांचा लुळेपणा कसा आहे यावरून दोन गट करण्यात आले. अंग सैल पडते तो 'ए' गट, अंग ताठरते व झटके येतात तो 'बी' गट. प्रत्येक गटात ए१, ए२, ए३ असे क्रमांक पडत गेले. इकडे १९४९ साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू काचेच्या नळीतील पेशींत वाढवून दाखवला. या कामासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी-संवर्धनाचे हे तंत्र हाती येताच मुलांच्या आतड्यांत आणखी कितीतरी विषाणू राहतात हे दिसले. त्यांतील अनेक तर ठणठणीत मुलांमध्ये सापडत. कोणत्याच रोगाशी नाते जोडता न आलेल्या अशा विषाणूंना शास्त्रज्ञांनी 'अनाथ' म्हटले. 'एको' विषाणू या नावातील शेवटचे अक्षर या अनाथ शब्दाचेच आहे.

तेव्हा परिस्थिती कॉखच्या काळाच्या उलट झाली होती. कॉखच्या काळी रोग समोर होता आणि जंतू शोधायचा होता. आता विषाणू समोर होते आणि त्यांचा रोग शोधायचा होता. शिवाय निरोगी मुलातही विषाणू सापडतो, मग आजारी मुलात तो सापडला एवढ्यावरून त्याला दोषी कसे ठरवायचे? अमेरिकेतील रॉबर्ट ह्यूबनर यांना ही अडचण प्रत्यक्ष कामात भेटली होती. लहान मुलांच्या घशात फोड आणणाऱ्या 'हर्पँजायना' या आजाराचा कॉक्सॅकी 'ए' विषाणूंशी असलेला संबंध त्यांनी १९५१ साली दाखवला होता. १९५७ मध्ये 'विषाणुशास्त्रज्ञाची कोंडी' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून त्यांनी विषाणूंसाठी कॉखच्या कसोट्या कशा बदलाव्या लागतील हे मांडले. आजारी आणि निरोगी मुलांतील प्रमाणाची तुलना करा, आजारानंतर रक्तात त्याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे वाढली का ते पाहा, साथीचा अभ्यास करा, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. एका रुग्णावरून निकाल देऊ नका, समूहाकडे पाहा, असे थोडक्यात म्हणता येईल.

आजाराला नाव मिळाले

योगायोग असा की त्याच १९५७ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो शहरात मुलांमध्ये एक साथ आली. ताप, घशात व्रण आणि अंगावर पुरळ. रॉबिन्सन, डोन आणि ऱ्होड्स या संशोधकांनी नमुने तपासले तेव्हा कॉक्सॅकी ए१६ हा विषाणू मिळाला. त्यांचा अहवाल १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात आजाराला नाव नाही, केवळ लक्षणांचे वर्णन आहे.

नाव पडले ते इंग्लंडमध्ये. १९५९ साली बर्मिंगहॅम शहरात तशीच साथ आली आणि पुढच्या वर्षी ऑल्सॉप, फ्लूएट व फॉस्टर यांनी तिच्यावर लेख लिहिला. त्यात 'हात-पाय-तोंडाचा आजार' हे नाव आले. येथेही ए१६ सापडला. यांतील थॉमस फ्लूएट यांनीच पुढे मुलांना जुलाब करणाऱ्या 'रोटा' विषाणूला त्याचे नाव सुचवले.

आता तक्त्यातील दोन्ही रकाने भरले असे वाटत होते. डावीकडे हात-पाय-तोंडाचा आजार, उजवीकडे कॉक्सॅकी ए१६. पण पुढच्या काळात ए१० सारखे इतर क्रमांकही तेच पुरळ घेऊन आलेल्या मुलांत सापडले. हे समजण्यासारखे होते. डोळ्याला दिसते त्यावरून नाव ठेवले, तर ते नाव एका विषाणूचे राहत नाही. तसे दिसणाऱ्या सर्व आजारांचे होते. आजार किरकोळ होता, त्यामुळे या गोंधळाचे कोणाला फारसे काही वाटले नाही. पुढे तो किरकोळ राहिला नाही.

क्रमांक ७१

विषाणूंची संख्या इतकी वाढली की कॉक्सॅकी आणि एको यांतील सीमारेषाच पुसट झाली. त्यामुळे यापुढे सापडणाऱ्या प्रत्येक नव्या विषाणूला 'एंटेरोव्हायरस', म्हणजे आतड्यातील विषाणू, असे म्हणून नुसता क्रमांक द्यायचा असे ठरले. क्रमांक ६८ पासून सुरू झाले. त्यांतील ७० क्रमांकाने १९६९ पासून आफ्रिका व आशियात डोळे येण्याची मोठी साथ पसरवली. ७१ क्रमांकाचा विषाणू १९६९ सालीच कॅलिफोर्नियात मेंदूज्वर झालेल्या एका तान्ह्या मुलाच्या नमुन्यातून मिळाला. तेथील राज्य प्रयोगशाळेतील नॅथली श्मिट, एडविन लेनेट आणि सहकाऱ्यांनी पुढील काही वर्षांतील असे वीस रुग्ण एकत्र करून १९७४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली.

थोड्याच अवधीत स्वीडन, जपान, ऑस्ट्रेलिया येथे हाच ७१ क्रमांक हात-पाय-तोंडाच्या साध्या आजारातही दिसला. तर १९७५ मध्ये बल्गेरियात मुलांना पक्षाघात होऊ लागला. प्रथम सर्वांना पोलिओच वाटला. ४४ मुले दगावली. तपासात विषाणू निघाला तो ७१ क्रमांकाचा. १९७८ मध्ये हंगेरीतही चाळीसहून अधिक मृत्यू झाले. एकच विषाणू एका देशात तळहातावर चार फोड उठवून निघून जातो आणि दुसऱ्या देशात पोलिओचे सोंग घेतो, हे कोडे तेव्हा सुटले नाही. पूर्व युरोपातील साथी शमल्या आणि जगाचे लक्ष दुसरीकडे गेले.

सारवाक आणि तैवान

१९९७ साली मलेशियाच्या सारवाक राज्यात हात-पाय-तोंडाच्या आजाराची साथ आली आणि त्यातच लहान मुले अचानक दगावू लागली. मृतांची संख्या तीसच्या आसपास गेली. सकाळी ताप आणि पुरळ असलेले मूल पाहता पाहता धाप लागून, हृदय बंद पडून जाई. काही मुलांच्या नमुन्यांत एक ॲडिनोव्हायरसही सापडला, त्यामुळे खरा अपराधी कोण यावर बरीच चर्चा झाली. ह्यूबनर यांची कोंडी ती हीच. सापडलेला प्रत्येक विषाणू कारण असतोच असे नाही.

पुढच्याच वर्षी तैवानमध्ये याहून मोठी साथ आली. तेथे डॉक्टरांच्या एका ठरावीक गटाने नोंदवलेले रुग्ण १,२९,१०६ होते. रुग्णालयांकडून गंभीर म्हणून कळवले गेलेले ४०५, आणि मृत्यू ७८. मृतांपैकी दहांत नऊ मुले पाच वर्षांची किंवा त्याहून लहान होती. तैवानच्या डॉक्टरांनी आजाराचा मार्गही उलगडला. ७१ क्रमांकाचा विषाणू काही मुलांत मेंदूच्या देठासारख्या खालच्या भागात शिरतो. हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि श्वास यांचे नियंत्रण तेथूनच चालते. ते बिघडले की फुप्फुसांत पाणी भरते. सारवाकमध्ये डॉक्टरांना दिसत होते ते हृदयाचे अपयश. त्याचे मूळ मात्र मेंदूत होते.

वर्गात आकडेमोड करायची असेल तर हे आकडे उपयोगी आहेत. १,२९,१०६ ला ४०५ ने भागले तर सुमारे ३१९ येतात. म्हणजे नोंदलेल्या सुमारे ३१९ मुलांमागे एक गंभीर. आणि गंभीर पाच मुलांमागे जवळजवळ एक मृत्यू. पण लगेच विद्यार्थ्यांना हेही विचारावे की पहिला आकडा सर्व डॉक्टरांचा आहे का? तो नाही. सौम्य आजारात तर अनेक मुलांना डॉक्टरकडे नेलेच जात नाही. म्हणजे खरे प्रमाण यापेक्षा कमी असणार. छेदातला आकडा कोठून आला हे पाहिल्याशिवाय अपूर्णांकावर विश्वास ठेवू नये, हा धडा केवळ वैद्यकाचा नाही.

चीनमध्ये २००८ साली आन्हुई प्रांतातील फूयांग शहरात मृत्यू झाले, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून तेथे या आजाराची नोंद सक्तीची झाली. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत सुमारे ७२ लाख रुग्ण आणि २,४५७ मृत्यू नोंदले गेले. सौम्य रुग्णांत अनेक विषाणू होते. पण प्रयोगशाळेत तपासलेल्या मृत्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक एकट्या ७१ क्रमांकाचे होते. २०१२ मध्ये कंबोडियात पन्नासहून अधिक मुले एका 'अज्ञात' आजाराने गेल्याची बातमी जगभर पसरली, तेव्हाही बहुतेक नमुन्यांत हाच विषाणू निघाला.

लस कोणाविरुद्ध?

विषाणूचा नेमका क्रमांक माहीत असल्याचे फळ येथे दिसते. चिनी संशोधकांनी मृत ७१ विषाणूपासून लसी बनवल्या. हजारो बालकांवरील तीन मोठ्या चाचण्यांत या विषाणूमुळे होणाऱ्या आजारापासून नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक संरक्षण मिळाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये चीनने त्यांना मान्यता देण्यास सुरुवात केली. पण लस घेतलेल्या मुलालाही हात-पाय-तोंडाचा आजार होतो. कारण ही लस ए१६ पासून वाचवत नाही, ए६ पासूनही नाही. पालक म्हणतात, लस फुकट गेली. वास्तविक ती फुकट गेलेली नसते. जी जीव घेऊ शकते ती वाट तिने बंद केलेली असते. आजाराचे नाव एक आणि कारणे अनेक हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ही लस फसवी वाटेल. तक्त्यातील उजवा रकाना नीट न भरण्याची किंमत ती ही.

वर उल्लेख झालेल्या ए६ चीही एक हकिकत आहे. २००८ साली फिनलंडमध्ये आजारातून बरे झालेल्या मुलांची नखे काही आठवड्यांनी गळून पडू लागली. तपासात ए६ सापडला. त्यानंतर हा क्रमांक अनेक देशांत पसरला. त्याचे फोड मोठे असतात, अंगभर येतात, आणि तो मोठ्या माणसांनाही गाठतो. नखे पुन्हा येतात, त्यामुळे काळजीचे कारण नसते.

आपल्याकडे

भारतात या आजाराची साथ २००३ मध्ये केरळातील कालिकत येथे नोंदली गेली. नागपुरातील रुग्णांवरचा लेख त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात २००८ साली आला. अलीकडच्या साथींत आपल्याकडे प्रामुख्याने ए६ आणि ए१६ आढळले आहेत. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारात पोलिओच्या अभ्यासासाठी सुरू झालेल्या केंद्राचे नाव पुढे 'एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र' असे झाले, आणि नंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा भाग बनले. पोलिओचा शोध घेता घेता त्याच्या भावंडांची ओळख झाली, ही अल्बनीची गोष्ट या नामांतरातही दिसते.

२०२२ च्या मे महिन्यात केरळच्या कोल्लम जिल्ह्यात मुलांच्या अंगावर लाल फोड उठले आणि वृत्तपत्रांत 'टोमॅटो फ्लू' हे नाव झळकले. नवा विषाणू आला, डेंगी-चिकुनगुन्याचा परिणाम असेल, असे तर्क सुरू झाले. केरळला जाऊन आलेल्या दोन भावंडांचे नमुने इंग्लंडमध्ये तपासले गेले तेव्हा कॉक्सॅकी ए१६ सापडला. म्हणजे टोरांटोचा आणि बर्मिंगहॅमचा जुनाच ओळखीचा विषाणू. फोड टोमॅटोसारखे दिसतात म्हणून आजाराला टोमॅटोचे नाव. 'फ्लू'शी तर याचा काहीच संबंध नाही. पुन्हा एकदा डोळ्याने नाव ठेवले आणि घबराट उडाली.

शिक्षकांनी काय लक्षात ठेवावे

हा विषाणू फार लहान, मिलिमीटरच्या सुमारे तेहतीस हजाराव्या भागाएवढा. त्याला मेदाचे आवरण नाही. म्हणून अल्कोहोलचे द्रव हाताला चोळण्यापेक्षा साबण आणि वाहते पाणी यांचा भरवसा अधिक. आजारी मुलाच्या विष्ठेतून तो बरे झाल्यावरही काही आठवडे बाहेर पडतो, तेव्हा शौचानंतर आणि जेवणाआधी हात धुणे सर्वांनीच पाळावे. तापात आणि फोड ओले असताना मुलाला घरी ठेवावे, फोड फोडू नयेत, थंड पातळ पदार्थ आणि पाणी भरपूर द्यावे. ताप उतरेना, मूल झोपेत वारंवार दचकू लागले, सारख्या उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, गुंगी आली किंवा धाप लागली, तर मात्र फोड किती आहेत हे मोजत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. विषाणू कोणता हे घरी कळत नाही. या खुणा कळतात.

आणि वर्गातल्या तक्त्याचे काय? तो फाडून टाकावा असे आम्ही म्हणणार नाही. क्षय, गोवर, रेबीज यांच्यासाठी तो अजूनही खरा आहे. त्यात एक ओळ मात्र वाढवावी. डावीकडे 'हात-पाय-तोंडाचा आजार', उजवीकडे 'कॉक्सॅकी ए६, ए१०, ए१६, एंटेरोव्हायरस ७१ आणि इतर'. मग विद्यार्थ्यांना उलटा प्रश्न विचारावा. ७१ क्रमांकासमोर डावीकडे काय काय लिहाल? पुरळ, मेंदूज्वर, पक्षाघात, आणि कित्येकदा काहीच नाही. 'जोड्या लावा'मध्ये एका बिंदूपासून अनेक रेषा निघू शकतात हे मुलांना पटले, तर या आजाराचा इतिहास त्यांना समजला असे आम्ही म्हणू.